शिमग्याला काळबादेवीला जातोय, तिसऱ्या काढायला कुठल्या दिवशी, किती वाजता जायचं?

ठाण्याची_सूनबाई

नमस्कार मंडळी. शिमग्याला आम्ही सासरी जातोय, काळबादेवी, रत्नागिरी. यंदा पहिल्यांदाच सलग सहा दिवस. बरोबर मुलगी (वय 9), मुलगा (वय 5), नवरा आणि सासूबाई.

सासूबाई नवीन सून होत्या तेव्हा वाडीतल्या बायकांबरोबर खाडीत तिसऱ्या (वाळूतल्या शिंपल्या) काढायला जायच्या. त्या गोष्टी त्यांनी मुलांना इतक्या वेळा सांगितल्यात की आता मुलीला पालखीपेक्षा तिसऱ्यांची ओढ जास्त. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, त्यामुळे त्या म्हणतात, मी काठावर बसून सांगते, तुम्ही काढा. पण सांगतात काय, तर "पाणी सुकलं की जायचं." कधी सुकतं? "सुकलं की दिसतं." पुढे प्रश्न विचारला तर माझ्याकडे अशा बघतात की जणू मी भात कशाचा करतात ते विचारलंय.

गेल्या मेमध्ये नवरा उत्साहात मुलांना घेऊन समुद्रावर गेला होता. सकाळी अकराला. पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. राहिलेल्या हातभर पुळणीवर तिघांनी प्लास्टिकच्या फावड्याने खड्डे केले. मिळालं काय, तर चार रिकामी शिंपलं आणि एक चप्पल. चप्पल मुलाने घरी आणली.

आता अडचण अशी. आमच्याकडे पालखी वद्य तृतीयेला घरी येते, ती येऊन जाईपर्यंत घरात मासळी नाही. चतुर्थीला सासूबाईंची संकष्टी. पंचमी मोकळी. षष्ठीला रात्रीची गाडी. यात कुठला दिवस जमेल? कुठे जायचं, काय न्यायचं, आणि खाताना दाताखाली वाळू येऊ नये म्हणून काय करायचं? मुलांना धोका नाही ना?

कोकणकडा_77

ताई, रत्नागिरीच्या मार्केटात जा, वाटा घ्या, अर्ध्या तासात घरी. कंबर शाबूत राहील.

ठाण्याची_सूनबाई

वाटा ठाण्यातही मिळतो हो. मुलीला ते पुरलं असतं तर इथे लिहिलं नसतं.

खाडीपलीकडचा

सूनबाई, सासूबाई बरोबरच सांगतायत. फक्त त्यांच्या डोक्यात पंचांग आहे आणि तुमच्या हातात घड्याळ. दोन्ही कसं जुळवायचं ते सांगतो. मी तुमच्या समोरच्याच काठावरचा. वय चोपन्न, धंदा आंब्याचा, तिसऱ्या काढायला शिकलो आतेकडून.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास पाणी तुडुंब, आणि पहाटे नि संध्याकाळी पाच-सव्वापाचला सुकलेलं. वद्य प्रतिपदेपासून परत एक-दोन-तीन मोजायला लागायचं. रोज पाऊण तास पुढे. तुम्ही गेल्या मेमध्ये अकराला गेलात आणि पाणी सुरूपर्यंत होतं म्हणताय, त्यावरून पंचांग न उघडता सांगतो, तो दिवस पौर्णिमेच्या नाहीतर अमावास्येच्या आसपासचा होता. नवऱ्याची चूक नाही, त्याचं घड्याळ ठाण्याचं होतं.

चतुर्थीची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला सुकती (ओहोटी). अर्धा तास इकडेतिकडे धरा, आणि आदल्या रात्री मोबाइलवर रत्नागिरीची वेळ बघून घ्या. मुंबईची बघू नका, आपल्याकडे पाणी मुंबईच्या आधी फिरतं.

आता पाणी किती सुकेल. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या मागेपुढे भांग. भांगात पाणी धड भरत नाही, धड सुकत नाही. सगळ्यात खोल सुकती पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी लागते, तेव्हा एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते. तुमचे ते दिवस पालखीत जातायत, त्याला इलाज नाही. चतुर्थीला चांगलंच सुकेल, पंचमीला बेताचं. षष्ठी सोडा.

मी म्हणतो चतुर्थीलाच जा. संकष्टी काढायच्या आड येत नाही, खायच्या आड येते. चतुर्थीला काढायच्या, रात्रभर ठेवायच्या, रंगपंचमीला खायच्या. नाहीतरी वाळू टाकायला त्यांना वेळ लागतोच. सासूबाई काठावर उपाशी बसून सांगतील, त्यांचा अधिकार अजून वाढेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नऊला सुकती म्हणजे नऊला जायचं नाही. साडेसातला पोचायचं, पाणी मागे जाईल तसं त्याच्या मागोमाग उतरायचं, आणि सव्वानऊला बाहेर. कितीही मिळत असल्या तरी. हे जरा सविस्तर सांगतो.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आते, आई, माझा चुलतभाऊ आणि मी. खाडीच्या मुखाशी पाणी सुकलं की मध्ये वाळूची एक पाठ उघडी पडायची. काठ आणि ती पाठ यांच्यामध्ये एक चर, जाताना माझ्या घोट्यापर्यंत पाणी. पाठीवर तिसऱ्या अशा, की हात घातला की मूठ भरून. दोन टोपल्या भरल्या. आते म्हणाली चला. आईला तेवढ्यात नवीन जागा सापडली, ती म्हणाली एक रोवळी भरू दे. समोर बघितलं तर समुद्र लांब, लाटा तिथेच, काहीच बदललेलं नाही. मग मीही बसलो. सुकून दोन तास होऊन गेले होते, आणि ते कोणाच्याच ध्यानात नाही.

परत फिरलो तर चरात पाणी माझ्या छातीला. आणि नुसतं साचलेलं नाही, ओढीचं, आत खाडीकडे खेचणारं. आतेने डोक्यावरची टोपली तशीच ठेवली, लुगड्याचा पदर आम्हां दोघा पोरांच्या हातात दिला आणि सरळ काठाकडे न जाता ओढीबरोबर तिरकी चालायला लागली. आई मागून. आईची रोवळी सुटली, ती आमच्या आधी आत गेली. काठाला लागलो ते उतरलो तिथून बरेच आत, कांदळाच्या मुळांत. आते एवढंच बोलली, "पानी पाठीसून येतंय, तोंडासून नाय." आणि नंतर दोन दिवस आईशी अबोला. रोवळी दुसऱ्या दिवशी खाजणात अडकलेली सापडली, ती आते स्वतः जाऊन घेऊन आली आणि आईच्या चुलीशी ठेवली. तरी बोलली नाही.

भरतीचं असंच असतं. पहिल्या तासात पाणी हलल्यासारखंही वाटत नाही, तिसऱ्या-चौथ्या तासात धावतं. आणि आधी भरते ती खोलगट जागा, जी तुमच्या आणि घराच्या मध्ये असते. तेव्हा मुलं बरोबर असताना मधल्या पाठीवर जायचंच नाही. काठाला लागून जी वाळू उघडी पडते तिथेच. मिळतील त्या मिळतील.

जागा म्हणाल तर समोरचा उघडा समुद्र नाही. तिथल्या लाटांच्या वाळूत तुम्हाला हव्या त्या तिसऱ्या नसतात. खाडीच्या मुखाच्या आतल्या अंगाला, जिथे पावलाला वाळू लागते पण टाच उचलली की खाली काळपट दिसतं, तिथे. अजून आत गेलात तर निव्वळ चिखल, पाय मांडीपर्यंत जातो आणि चप्पल तिथेच राहते. (तुमच्या मुलाने आणलेली चप्पल बहुतेक अशीच कोणाची तरी.) नेमकी जागा वाडीतल्या बायकांना विचारा, त्यांच्याबरोबरच गेलात तर उत्तम. त्या काढत असतील तिथे मध्ये घुसू नका, त्यांचा तो रोजचा बाजार आहे.

ओळखायच्या कशा: ओल्या वाळूवर जवळजवळ दोन बारीक भोकं दिसतात, सदऱ्याच्या बटणाला असतात तशी. त्यातून ती पाणी आत घेते आणि बाहेर सोडते. बाजूला पाय आपटला तर बारीक चिळकांडी उडते. मुलांना हेच द्या काम, आपटा आणि बघा. तीन-चार बोटं खाली हात घातला की लागते. एकच मोठं गोल भोक आणि भोवती वाळूच्या गोळ्या असतील तर तो खेकडा, हात घालू नका. खुरपं न्या, मुलांना जुनं उलथनं नाहीतर करवंटी पुरते. फावड्याने शिंपलं फुटतं.

पायात काहीतरी घट्ट असू दे, खडकावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे चपटी मासळी, बसलेली असते, चाहूल लागली की निघून जाते, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. एकदा मला लागलाय. सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचं आणि मग डॉक्टरकडे. डॉक्टरकडे जाईपर्यंत मी जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.

येताना पाच लिटरचा कॅन भरून स्वच्छ खारं पाणी आणा. ते कशाला ते कोणीतरी सुगरण सांगेल. मला नुसतं खाता येतं.

देवबागची_लेक

सुगरण हजर. आमच्याकडे तिसरे म्हणतात, तिसऱ्या नाही, पण भांडत नाही.

घरी आणल्यावर आधी निवडायच्या. उघड्या असलेल्या एकीला दुसरीवर टकटक करायचं. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. मग उलटी गंमत: घट्ट मिटलेली पण हाताला जड, आणि वाजवली तर बद्द आवाज. ती आतून मेलेली आणि चिखलाने भरलेली असते. अशी एक जरी टोपात उघडली तर सगळं कालवण नाल्यात. म्हणून शंभर असतील तर शंभर वाजवायच्या. हे काम घरातल्या सगळ्यात चिकट माणसाला द्या.

मग खाऱ्या पाण्यात ठेवायच्या. नळाच्या पाण्यात नको, गोड्या पाण्यात त्या मिटून बसतात, वाळू टाकत नाहीत, मरतात. समुद्राचं पाणी नसेल तर लिटरला दोन मोठे चमचे मीठ. आणि थेट पातेल्याच्या तळाशी नको. रोवळीत घालून रोवळी पातेल्यात अधांतरी राहील अशी ठेवा, खाली वाटी पालथी घाला. टाकलेली वाळू तळाशी जाते. नाहीतर तीच परत आत ओढून घेतात. पाणी जेमतेम वर येईल इतकंच, वर फडकं, अंधारात तीन-चार तास. मध्ये एकदा पाणी बदला. रात्रभर त्याच पाण्यात ठेवू नका, गुदमरतात. बाहेर काढून ओल्या गोणपाटात गुंडाळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. डबाबंद करू नका.

सकाळी अर्धा तास फ्रीझरमध्ये टाकल्या की आपोआप सैल पडतात, विळीला लावल्या की उघडतात. एका शिंपीत मास ठेवायचं, दुसरी टाकून द्यायची. एकशिपी. उघडताना जे पाणी निघतं ते खाली टोपात धरा आणि पातळ फडक्यातून गाळून कालवणात घाला, सगळी चव त्यात. ते मुळातच खारट, तेव्हा मीठ शेवटी चाखून. कांदा, लसूण, मसाला, ओलं खोबरं, आणि मार्चमध्ये कैरी असतेच, कोकमाऐवजी तीच. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. जास्त शिजवलं की रबर.

मुलं पहिल्यांदाच खात असतील तर आधी दोन-तीनच द्या. माझ्या भावाच्या तोंडाला सूज आली होती.

शिरगाव_मत्स्य

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो, तुमच्या गावापासून जवळच. वरची माहिती छान आहे, दोन गोष्टी जोडतो.

अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा लहान असेल ती परत वाळूत. नुसती फेकायची नाही, पक्षी उचलतात, थोडी पुरायची. केरळात अष्टमुडी तलावात असंच झालं होतं, लहानमोठी सगळी उपसली आणि आवक घसरली. मग तिथल्याच लोकांनी डिसेंबर ते फेब्रुवारी, पिल्लांच्या दिवसांत, काढणं बंद ठेवलं आणि जाळीचे डोळे मोठे केले. 2014 साली त्या मासेमारीला एमएससीचं (टिकाऊ मासेमारीसाठीचं आंतरराष्ट्रीय) प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं.

दुसरी गोष्ट, तिसरी पाणी गाळून खाते, म्हणजे पाण्यात जे असेल ते तिच्या पोटात. जेटीजवळ, गटाराच्या तोंडाशी मिळणाऱ्या घेऊ नका. आणि पाणी लालसर, तपकिरी किंवा विचित्र हिरवं दिसलं तर त्या दिवशी काठावर बसून परत या. काही सूक्ष्म शेवाळांचं विष शिंपल्यांत साठतं आणि ते उकळून जात नाही. 1997 साली केरळात विळिंजमला शिनाणे (खडकाला चिकटलेले शिंपले) खाऊन माणसं दगावली होती. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे हमखास सुरक्षित असंही नाही, म्हणून गावातल्या बायका खात असतील तिथलंच खा. खाऊन ओठ-जीभ बधिर झाली, मुंग्या आल्या तर थांबायचं नाही, तडक रुग्णालयात.

खाडीपलीकडचा

हा पोरगा शहाणा आहे. पेराचं माप आते पण सांगायची, पण ती म्हणायची बारक्या काढल्यास तर मी सोलणार नाही. परिणाम तोच.

कोकणकडा_77

एवढं वाचून मी परत सांगतो, वाटा घ्या.

ठाण्याची_सूनबाई

जाऊन आलो! कालच ठाण्यात पोचलो, आज लिहिते.

पाऊणपटीचं गणित सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "एवढं कशाला, रात्री चंद्र कुठे होता बघितलं की कळतं." म्हणजे गणित बरोबर आहे.

चतुर्थीला सात वाजता निघालो. शेजारच्या दोन काकी बरोबर आल्या, सासूबाईंची खुर्ची नवऱ्याने डोक्यावरून नेली. पालखी कालच झाली होती, त्यामुळे वाटेत सगळ्यांनी विचारलं, आज कोण बसणार खुर्चीत. पहिला पाऊण तास काहीही मिळालं नाही. मुलगा पाय आपटून आपटून रडकुंडीला आला. सासूबाई काठावरून ओरडतायत, "तिकडे नको, ओल बघ, ओल!" आम्हाला सगळीकडे ओलच दिसतेय. शेवटी त्या काकींना धरून उठल्या, दहा पावलं आल्या, काठी वाळूत रोवली आणि म्हणाल्या, इथे. तिथे पहिल्याच मुठीत तीन. मुलीने जी किंकाळी मारली ती पलीकडच्या काठावर तुम्हाला ऐकू आली असेल.

त्यानंतर सव्वानऊला बाहेर काढणं हे सगळ्यात अवघड काम होतं. मुलं नाही, नवरा ऐकेना. "आत्ता तर लागल्यात, पाणी बघ कुठे आहे." मी म्हटलं पाठीमागे बघ. मघाशी कोरडा होता त्या खळग्यात बोटभर पाणी आलं होतं. गुपचूप उठला. घरी जाऊन तुमच्या आतेची गोष्ट वाचून दाखवली, तर सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी पण एकीची पाटी गेली होती. कोणाची ते विचारलं तर विषय बदलला.

मोजल्या: एकशे सदतीस. बारक्या मुलीने पुरून ठेवल्या, प्रत्येकीला नाव देऊन. वाजवायचं काम देवबागच्या ताईंच्या सल्ल्याप्रमाणे नवऱ्याला दिलं. एकशे सदतीस वाजवल्या, बारा फेकल्या. आणि तरी रंगपंचमीला विळीवर एक काळीकुट्ट निघालीच. थेट टोपावर उघडत नव्हते म्हणून वाचलो, आधी ताटलीत उघडत होते. नवऱ्याचं म्हणणं, तिचा आवाज चांगला होता.

एकशिपी केली, कैरी घालून. वाळू एकदाच लागली, ती पण मलाच. मुलाने एक खाल्ली आणि जाहीर केलं की त्याला काढायला आवडतात, खायला नाही. सासूबाईंनी शेवटी पोळीने टोप पुसून घेतला.

एक राहिलं. शिंपल्यांचा ढीग मागच्या दारी पडलाय, सासूबाई तिथेच राहिल्यात अजून आठवडाभर, त्यांनी फोनवर विचारलंय काय करू म्हणून. म्हणजे त्यांना माहीत आहे, पण इथे काय उत्तर येतं ते बघायचंय त्यांना.

खाडीपलीकडचा

पूर्वी भट्टीवाले चुन्यासाठी न्यायचे. आता ठेचून माडाच्या आळ्यात. सासूबाईंना सांगा, अनवाणी फिरू नका त्या बाजूला.

ठाण्याची_सूनबाई

म्हणाल्या, "टाकून पण झाल्या."